पुरस्कार २००१ रुपयांचा, येण्याजाण्याचा खर्च आपला. जावं का?

शेवग्याची_शेंग
नमस्कार मंडळी. इथे बरेच लिहिणारे लोक आहेत म्हणून विचारतेय. गेल्या वर्षी माझा पहिला कथासंग्रह आला. छोटा प्रकाशक, तीनशे प्रती, त्यातल्या पन्नास मीच घेतल्यात, म्हणजे काय ते समजा. प्रकाशकांनी कुठे कुठे स्पर्धांना प्रती पाठवल्या होत्या, मला पत्ताही नव्हता. परवा एक पत्र आलं. पोस्टाने! लेटरहेडवर टाइप केलेलं, खाली गोल शिक्का. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं शंभरी ओलांडलेलं वाचनालय आहे, त्यांचा कै. अमुक अमुक स्मृती कथा पुरस्कार माझ्या पुस्तकाला मिळालाय. रोख २००१, स्मृतिचिन्ह, शाल, श्रीफळ. आणि तळाला दोन सूचना. एक, 'आपण स्वखर्चाने उपस्थित राहावे.' दोन, 'समारंभास प्रत्यक्ष उपस्थित असणाऱ्या साहित्यिकासच पुरस्कार प्रदान करण्यात येईल.'

मी ठाण्याला राहते. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे मुक्काम आला, सोमवारची रजा आली. नवरा म्हणतो जा. सासूबाई म्हणतात जा आणि येताना औदुंबरला दत्ताचं दर्शन घेऊन ये. ऑफिसातली मैत्रीण म्हणते दोन हजार आणायला चार हजार खर्चणारी तू पहिलीच. प्रश्न पैशाचा आहे आणि नाहीपण. अशा कार्यक्रमाला जाऊन लेखकाला मिळतं काय? अनुभव असलेल्यांनी लिहा. आणि गेलेच तर बोलायचं काय, किती, तेही सांगा.

हवालदार_वाचक
अभिनंदन!! पुस्तकाचं नाव सांगा की आधी.

शेवग्याची_शेंग
धन्यवाद :) इथे लिहिलं तर जाहिरात होईल आणि अॅडमिन ओरडतील. निरोपातून कळवते.

खवट_काका
अभिनंदन. जाऊ नका.

आता कारण सांगतो. हे पुरस्कार लेखकासाठी नसतातच. कार्यक्रम असतो कार्यकारिणीचा, देणगीदाराचा आणि प्रमुख पाहुण्याचा. लेखक लागतो कारण त्याच्याशिवाय पत्रिका छापता येत नाही. साडेपाचचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होणार कारण पाहुणे अजून दुसऱ्या उद्घाटनात. मग समई. पंख्याखाली समई पेटत नाही, म्हणून पंखा बंद करायला एक जण धावणार, बटण कुठलं ते त्याला माहीत नसणार, तो आधी माइक बंद करणार. मग शाळेतल्या मुलींचं स्वागतगीत, मग प्रास्ताविकात वाचनालयाचा स्थापनेपासूनचा इतिहास, मग अहवालवाचन, मग ज्यांनी कपाट दिलं त्यांचा सत्कार, ज्यांनी मंडप दिला त्यांचा सत्कार. सूत्रसंचालक प्रत्येक दोन माणसांच्या मधे एक चारोळी टाकणार. लेखकाला मनोगताला उभं करणार पावणेनऊला आणि उठतानाच कानात सांगणार, 'मॅडम दोन मिनिटांत आटपा, साहेबांना पुढे जायचंय.'

पुस्तक स्टेजवरच्या एकाही माणसाने वाचलेलं नसतं. लिहून देतो.

वऱ्हाडी_ठेचा
काका, तुमाले कोनी पुरस्कार देल्ला नाही वाट्टे अजून. (हलकेच घ्या)

खवट_काका
दिलाय. चेक माझ्या टोपणनावाने काढला होता. बँकेतल्या बाई म्हणाल्या, हे गृहस्थ कोण, त्यांना घेऊन या. पुन्हा पत्र लिहून नावात दुरुस्ती करून मागितली तर उत्तर आलं की आर्थिक वर्ष संपलं, आता ऑडिट झालं. तो चेक मी फ्रेम करून लावलाय.

अवनी_डोंबिवली
हसून हसून पुरेवाट. फ्रेमचा खर्च किती आला काका?

खवट_काका
पुरस्कारापेक्षा जास्त.

रंकाळ्यावरचा
जावा की ओ ताई! एवढं काय त्यात. आमच्या भागातली मानसं हायत, उपाशी न्हाई पाठवणार. एसटीनं या, बायकांना २०२३ पासनं अर्धं तिकीट हाय, तुमचा चार हजाराचा हिशेब तितंच निम्मा झाला बघा. मैत्रिणीला सांगा.

पुणेरी_पाटी
आधी एक गोष्ट तपासा, संस्था खरी आहे का. आजकाल व्हॉट्सअॅपवर 'आपली राष्ट्रीय साहित्यरत्न पुरस्कारासाठी निवड झाली आहे' असा मेसेज येतो, खाली नोंदणी शुल्क २५०० आणि 'सोबत येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस भोजनशुल्क वेगळे.' एका हॉलमध्ये एका संध्याकाळी शंभर-दीडशे लोकांना रत्न करतात. त्यात कवी असतात, योगशिक्षक असतात, प्लॉटिंगवालेपण असतात. ट्रॉफी, फेटा, फोटो, झालं. तुमच्याकडे कोणी पैसे मागितलेत का?

शेवग्याची_शेंग
नाही हो, एक रुपया नाही मागितला. प्रवेशिकेला फक्त तीन प्रती आणि लेखकाचा परिचय एवढंच होतं असं प्रकाशक म्हणाले.

पुणेरी_पाटी
मग खरं आहे. खोटे पुरस्कारवाले कधी पुस्तकाच्या प्रती मागत नाहीत. त्यांना पुस्तकाशी कर्तव्यच नसतं, नाव आणि मोबाइल नंबर पुरतो.

चष्मा_कुठेय
मी बरीच वर्षं एका जिल्ह्याच्या वाचनालयाच्या पुरस्कारांसाठी परीक्षक होतो, त्यामुळे पडद्यामागचं थोडं लिहितो. जरा लांबेल.

खवट काका, स्टेजवरच्या पाहुण्याने पुस्तक वाचलेलं नसतं हे खरं आहे. पण गावात कोणीच वाचलेलं नसतं हे खरं नाही. आमच्याकडे पद्धत अशी होती. जानेवारी ते डिसेंबर या वर्षात निघालेली पुस्तकं मार्चअखेरपर्यंत मागवायची. कथा, कादंबरी, कविता, ललित, बालसाहित्य. कवितासंग्रह सगळ्यात जास्त येणार हे ठरलेलं. ग्रंथपाल आणि दोनचार मुरलेले वाचक पहिली चाळणी लावायचे आणि मग प्रत्येक प्रकारातली दहाबारा पुस्तकं आम्हा तिघा परीक्षकांकडे यायची. मानधन म्हणजे एक पाकीट, आत काय ते विचारू नका. तिघांचे गुण वेगवेगळे मागवायचे, मग बेरीज. कधी कधी दोन पुस्तकं अटीतटीला यायची आणि 'विभागून' द्यावं लागायचं. म्हणजे २००१ चे दोन भाग आणि स्मृतिचिन्ह मात्र दोन, त्यामुळे खजिनदार विभागणीच्या कायम विरोधात.

आता रक्कम २००१ च का. लोक हसतात त्याला, पण ते पैसे कुठून येतात हे बघा. बहुतेक स्मृती पुरस्कार हे ठेवीवर चालतात. कुणाचे वडील शिक्षक होते, कुणाची आई वाचनालयाची सभासद होती, घरच्यांनी पंचवीसतीस हजार संस्थेकडे ठेव म्हणून दिले आणि सांगितलं व्याजातून दरवर्षी एक पुरस्कार द्या. ठेवीवर बारा टक्के मिळायचे त्या काळात तीस हजारांचे वर्षाला छत्तीसशे यायचे. आता साडेसहा टक्के धरा, एकोणीसशे पन्नास येतात. म्हणजे तुमच्या दोन हजार एकमधले एक्कावन्न रुपये वाचनालयाने स्वतःच्या खिशातून घातलेत. वर स्मृतिचिन्ह, शाल, पत्रिका, चहा. सरकारी अनुदान १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वर्गवारीप्रमाणे येतं, अ ब क ड, तेही हप्त्यांनी, आणि ते पगार, पुस्तकं, जागा यातच संपतं. लेखकाला प्रवासखर्च द्यायचा कुठून? 'स्वखर्चाने यावे' हा उद्धटपणा नाहीये, खजिनदाराची अडचण आहे. 'उपस्थित असणाऱ्यासच' ही अट मात्र मलाही कधी पटली नाही, आजारी माणसाने काय करावं.

आणि एक सल्ला, तो तुम्हाला कोणी देणार नाही. ज्यांच्या नावाचा पुरस्कार आहे ते कोण होते हे ग्रंथपालांना फोन करून विचारा. त्यांच्या घरची माणसं पहिल्या रांगेत बसलेली असतात. बहुतेक लेखक आपली लेखनप्रक्रिया सांगून खाली उतरतात, त्या माणसाचं नावसुद्धा घेत नाहीत. दोन वाक्यं बोला त्यांच्याबद्दल, फार नको.

अवनी_डोंबिवली
चष्मा, यावर वेगळा लेखच टाका तुम्ही. मस्त प्रतिसाद. ठेवीचं गणित माहीतच नव्हतं.

खवट_काका
गणित मान्य. मग पुरस्कार बंद करा आणि त्या पैशात लेखकाची पाच पुस्तकं विकत घ्या. लेखकाला त्याने जास्त आनंद होईल, हे माझं वैयक्तिक मत.

वऱ्हाडी_ठेचा
हे मात्र काका बरोबर बोलले. आमच्याइकडं विदर्भ साहित्य संघाचे पुरस्कार संघाच्या वर्धापनदिनाले देतात, १४ जानेवारीले, संघ १९२३ चा हाय. तीळगूळ बी भेटते आन् नागपूरची थंडी बी. पन पुस्तक इकत घेनारं कोनी दिसत नाही, सारे भेटच मागतात. 'सर, एक सही करून द्या ना.' अरे बाप्पा, सही फुकट हाय, पुस्तक नाही!

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात कार्यक्रम बऱ्यापैकी वेळेवर सुरू होतात हां. शेवटची बस आणि फेरी चुकली तर आयोजकालाच घरी सोडायला जावं लागतं, म्हणून असेल. पण भाषणं तेवढीच लांब.

सीएची_बायको
अवांतर पण उपयोगाचं. खाजगी संस्थेने दिलेली पुरस्काराची रोख रक्कम करमुक्त नसते, 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायची असते. सरकारने दिलेले किंवा सरकारने मान्यता दिलेले ठराविक पुरस्कार तेवढे सुटतात. नवऱ्याला विचारून लिहितेय.

खवट_काका
म्हणजे २००१ वर टॅक्स पण. वा.

सीएची_बायको
काका, तुमचा फ्रेममधला चेक वटलाच नाही, त्यामुळे तुम्ही सुटलात.

हवालदार_वाचक
मोठ्या पुरस्कारांचं कसं असतं? साहित्य अकादमीचे १ लाख आणि ताम्रपट हे माहितीये. ज्ञानपीठ तर आपल्याकडे चौघांनाच, खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे. तिथे तरी प्रवासखर्च देत असतील ना.

पुणेरी_पाटी
देतात हो. विंदांनी तर मिळालेल्या पुरस्कारांच्या रकमा सामाजिक कामांना देऊन टाकल्या होत्या.

अवनी_डोंबिवली
आणि नाशिकचा जनस्थान! कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा, एक वर्षाआड देतात, १९९१ मध्ये पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला. त्या कार्यक्रमाला गर्दी असते ती खरी वाचकांची. नाशिककर उभं राहून ऐकतात. मी माहेरी असताना गेलेय.

तिखट_पोहे
सरकारी पुरस्कारांचं नका काढू. डिसेंबर २०२२ मध्ये काय झालं विसरलात का सगळे? माओवादी असल्याचा आरोप झालेल्या कोबाड गांधींच्या आत्मकथनाच्या मराठी अनुवादाला राज्य सरकारचा पुरस्कार जाहीर झाला आणि आठवडा व्हायच्या आत सरकारनेच शासन निर्णय काढून तो रद्द केला, निवड समितीही बरखास्त. मग काहींनी साहित्य संस्कृती मंडळाचे राजीनामे दिले, काही लेखकांनी स्वतःचे पुरस्कार नाकारले. निदान तालुक्याच्या वाचनालयाला शासन निर्णय काढता येत नाही, हा एक फायदा धरा.

दगडी_चाळ
त्या पुस्तकाला पुरस्कार द्यायलाच नको होता. करदात्यांच्या पैशातून

तिखट_पोहे
अनुवादाला पुरस्कार होता, अनुवाद कसा झालाय हे बघायचं. मूळ पुस्तकावर बंदी होती का? नव्हती.

दगडी_चाळ
प्रश्न बंदीचा नाहीच आहे. उद्या कोणीही उठून

अॅडमिन
यावर २०२२ मध्ये एक धागा चारशे प्रतिसादांवर जाऊन कुलूपबंद झालाय. इथे धागाकर्तीने विचारलंय की जावं का. त्यावर बोला.

रंकाळ्यावरचा
जावा म्हणून मगाशीच सांगितलंय की.

बर्फातला_मराठी
न्यू जर्सीहून. आमच्याकडे उलटी गंमत. इथल्या मराठी लोकांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनचे साहित्य पुरस्कार दिले जातात तिकडे महाराष्ट्रात, आणि आम्ही इथे यूट्यूबवर बघतो. इथल्या मराठी मंडळांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला तिकडून लेखक येतात पण तेव्हा शेजारच्या हॉलमध्ये लावणी किंवा वडापाव असतो, लेखकाने काय करावं बिचाऱ्याने. मी एका लेखकाच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसलो होतो. दुसरी रांग नव्हतीच.

शेंग, माझं मत, जा. दोन हजारांसाठी नको, गाव बघायला जा. लिहिणाऱ्याला ते कामाला येतं.

कासवाची_पाठ
माझे दोन पैसे. मला असे पुरस्कार मिळालेत, त्यामुळे यादी देते, क्रम नाही.

पत्राला उत्तर लिहा, नुसता फोन नको, आणि त्यात बँकेतलं नाव कळवा (काकांचं झालं ते पुरे). पंधरावीस प्रती बरोबर न्या, प्रकाशकाला सांगितलं तर तो 'पाठवतो' म्हणेल आणि पाठवणार नाही. दाराशी टेबल मिळेल का विचारा, पैसे घ्यायला क्यूआर कोड प्रिंट करून न्या, कारण सुट्टे कोणाकडे नसतात. रिकामी मोठी पिशवी न्या. हसू नका, स्मृतिचिन्ह काचेचं किंवा लाकडाचं, चांगलं वीतभर जाड असतं, वर शाल, नारळ, गुच्छ, आणि स्थानिक कवी आपापले संग्रह देतात ते वेगळेच. मी एकदा एसटीत नारळ वरच्या रॅकवर ठेवला होता, घाटात तो पुढच्या काकांच्या डोक्यावर. शालींचं म्हणाल तर त्या पुढे कोणाच्या तरी सत्काराला जातात, माझ्याकडे एक शाल परत फिरून आलीये, कोपऱ्यावरच्या शाईच्या डागावरून ओळखली.

मनोगत पाच मिनिटं, कागदावर लिहून. 'मी काही मोठी लेखिका नाही' याने सुरुवात करू नका, सगळे तेच करतात. कथेतला एक परिच्छेद वाचून दाखवा. लोकांना तेच हवं असतं, पण लेखक वाचतच नाहीत.

शेवग्याची_शेंग
कासव, चष्मा, सगळ्यांचे खूप आभार. पत्राचं उत्तर टाकलं आज. ग्रंथपालबाईंना फोनपण केला. त्या म्हणाल्या, 'तुम्ही येताय ना नक्की? मागच्या वर्षीचे साहित्यिक ऐनवेळी आले नाहीत, पत्रिकेत नाव होतं, फार पंचाईत झाली.' म्हणजे दोन नंबरच्या सूचनेचं कारण ते. जातेय.

खवट_काका
शुभेच्छा. पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला जवळ ठेवा.

हवालदार_वाचक
परत आल्यावर वृत्तांत हवा!!

अवनी_डोंबिवली
+१ वृत्तांत. फोटोसकट.

हवालदार_वाचक
धागा वर काढतोय. शेंगताई, रविवार झाला की. काय झालं?

शेवग्याची_शेंग
आले आले. ऑफिसचं काम साठलं होतं. लिहिते सविस्तर, फोटो नाही टाकत, त्यात इतर लोक आहेत.

काका, आधी तुमचं. कार्यक्रम सहा वीसला सुरू झाला. समई खरंच विझली, आणि पंखा बंद करायला गेलेल्या मुलाने पूर्ण स्टेजचे दिवे घालवले. माइक मात्र चालू राहिला, त्यामुळे अंधारात अध्यक्षांचा 'अरे गाढवा' सगळ्या हॉलने ऐकला. चारोळ्या होत्या. मी दहाव्यानंतर मोजणं सोडलं. पाहुणे एका साखर कारखान्याशी संबंधित होते, त्यांनी निम्मं भाषण उसाच्या साखर उताऱ्यावर केलं, आणि खरं सांगू, ते बाकीच्या भाषणांपेक्षा बरं होतं कारण त्यांना त्यातलं माहीत होतं.

आता माझं. मी दुपारीच पोचले होते. ग्रंथपालबाई म्हणाल्या बसा वाचनालयातच, हॉल पाचला उघडेल. जुनी दगडी इमारत, वर कौलं, वर्तमानपत्रांचं तिरकं टेबल, आणि कपाटांवर दात्यांची नावं. मी सहज विचारलं, स्पर्धेला आलेल्या पुस्तकांचं पुढे काय करता. त्या म्हणाल्या, नोंदवून घेतो आणि देवघेवीला काढतो, कपाटात ठेवून काय करायचं. आणि माझं पुस्तक आणून दिलं. प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं, आत दाखल क्रमांक, आणि मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली. अकरा शिक्के होते त्यावर. तीनशे प्रतींच्या पुस्तकातली ही एक प्रत अकरा घरांत जाऊन आली होती. मी प्रकाशकाकडून कधी असा आकडा ऐकला नाहीये, त्यांचा आकडा 'चाललंय हळूहळू' एवढाच असतो.

पण खरी मजा पुढे आहे. तिसरी कथा आहे त्यात एक सून नवऱ्याच्या आजारपणात घर सोडून जाते. त्या पानावर समासात पेन्सिलीने कोणीतरी लिहिलं होतं, 'हे पटत नाही.' आणि त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, 'का? तिने मरायचं का तिथे?' मी ग्रंथपालबाईंना दाखवलं तर त्या ओशाळल्या, म्हणाल्या खोडून ठेवते, सभासदांना किती सांगायचं पुस्तकावर लिहू नका. मी म्हटलं हात लावू नका त्याला!

मनोगतात मी तोच परिच्छेद वाचला (कासव, तुम्हाला साष्टांग). चहाच्या वेळी तीन बायकांनी मला घेरलं. एक 'हे पटत नाही'वाली स्वतःच निघाली! म्हणाली माझंच अक्षर आहे ते, मी शिक्षिका होते, पण खालचं उत्तर कोणी लिहिलं ते मला आजवर कळलेलं नाही. मग त्या तिघी आपसातच भांडायला लागल्या, सून बरोबर का चूक, गावातली खरी दोन उदाहरणं निघाली, एकीने तर 'अमकीच्या सुनेवरूनच लिहिलंय ना' असं मलाच विचारलं. मी त्या गावी आधी कधी गेलेले नाही. मला बोलायला वावच नव्हता, मी उभ्याने उप्पीट खात ऐकत होते.

चष्मा, तुमचंही. ज्यांच्या नावाचा पुरस्कार होता ते त्याच वाचनालयात शिपाई होते. मला वाटलं होतं कोणी वकील किंवा कारखानदार असतील. पुस्तकं बांधायचे, फाटलेली पानं खळीने चिकटवायचे, आणि ठेव मुलाने ठेवलीय, तो एसटीत मेकॅनिक होता, निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून. ग्रंथपालबाईंनी मला त्यांनी बांधलेला एक जुना दिवाळी अंकांचा गठ्ठा दाखवला, शिवण अजून घट्ट आहे. मी स्टेजवर तेवढंच सांगितलं, की मी शिवण बघितली. मुलगा पहिल्या रांगेत होता. नंतर तो भेटला आणि म्हणाला, 'मॅडम, पुढच्या वर्षी पाच हजार करायचा विचार आहे, कमी पडतंय का?' काय उत्तर देणार यावर, तुम्हीच सांगा. मी म्हटलं रक्कम राहू द्या, पुस्तकं बांधायला माणूस ठेवा. ते त्याला फारसं आवडलं नसावं.

प्रती वीस नेल्या, चौदा विकल्या. चेक बँकेतल्या नावाने. औदुंबर केलं, सासूबाई खूश.

अवनी_डोंबिवली
भारी वृत्तांत! समासातलं भांडण तर कहर. हीच एक कथा होईल.

चष्मा_कुठेय
शिपायाच्या नावाचा पुरस्कार मीही पहिल्यांदा ऐकतोय. आवडलं. बाइंडिंगवाल्याचं तुम्ही म्हणालात ते अगदी खरं, आता माणसंच मिळत नाहीत त्या कामाला, वाचनालयं जुनी पुस्तकं सरळ निर्लेखित करतात, म्हणजे नोंदीतून काढून टाकतात.

रंकाळ्यावरचा
तरी मी म्हणत हुतो!

खवट_काका
वृत्तांत चांगला लिहिलाय. एक वाचनालय बरं निघालं म्हणून माझं मत बदलत नाही. तुम्हाला जे मिळालं ते दुपारी मिळालं, वाचनालयात आणि चहाच्या टेबलाशी. स्टेजवर जे झालं त्याची काही गरज होती का? ते सगळं काढून टाका आणि लेखकाला नुसतं वाचनालयात बसवा, दारावर पाटी लावा, ज्यांनी वाचलंय त्यांनी या. एक समई वाचेल.

कासवाची_पाठ
काका, स्टेज नसतं तर पत्र कशाला आलं असतं आणि ती तरी कशाला गेली असती?

खवट_काका
पत्र पाठवायला स्टेज लागत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
पन शाल लागते काका, थंडी असते.

नवीन_पान
मी वाचनमात्र असतो, पहिल्यांदाच लिहितोय. माझी कादंबरी या वर्षी आलीये. अशा ठिकाणी प्रती पाठवायच्या तर पत्ते कुठे मिळतात? आणि खर्च किती येतो?

चष्मा_कुठेय
स्वागत. जानेवारी ते मार्च वर्तमानपत्रांच्या साहित्यविषयक पानांवर, जिल्हा आवृत्त्यांत 'प्रवेशिका पाठवण्याचे आवाहन' म्हणून बारीक बातम्या येतात, त्या कापून ठेवा. मसाप (महाराष्ट्र साहित्य परिषद), कोमसाप (कोकण मराठी साहित्य परिषद), दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभा, मराठवाडा साहित्य परिषद यांचे वेगवेगळे पुरस्कार असतात, त्यांच्याकडे थेट विचारा. नियम नीट वाचा, काही जण फक्त आपल्या विभागातल्या लेखकांना देतात. सगळीकडे पाठवू नका. एकेका ठिकाणी तीन-चार प्रती जातात आणि त्या परत येत नाहीत. आणि टपालखर्च वेगळा. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड बुक पोस्ट ही स्वस्त सोय बंद केली, मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' आलंय, ते तुमच्या पुस्तकाला चालतं का पोस्टात विचारा. नाहीतर जाड कादंबरीच्या चार प्रतींचं पार्सल तुम्हाला चांगलंच लागेल.

नवीन_पान
बापरे. कादंबरी चारशे बावन्न पानांची आहे.

खवट_काका
तुम्ही कविता का नाही करत?

हवालदार_वाचक
शेंगताई, तुमचं पुस्तक आलं, वाचलं. निरोपात लिहिणार होतो पण इथेच लिहितो. त्या सुनेने निदान डबा भरून ठेवून जायला हवं होतं. आजारी माणूस आहे घरात.

अवनी_डोंबिवली
डबा?? हवालदार, तुम्ही कथा वाचलीत की नाही? त्याने आधीची सहा वर्षं काय केलं ते दुसऱ्याच पानावर आहे.

हवालदार_वाचक
वाचलंय ते. तरीपण

तिखट_पोहे
तरीपण काय तरीपण

अॅडमिन
पुस्तकावर वेगळा धागा काढा.